हरवलेला मंगळवार : फिलिपिन्समधली स्पेनची ३३३ वर्षं

मनिला शहरात ३१ डिसेंबर १८४४ हा दिवस उगवलाच नाही. सोमवारी रात्री लोक झोपले ते उठले थेट बुधवारी, १ जानेवारी १८४५ ला. गव्हर्नर नार्सिसो क्लावेरियाचा तसा हुकूमच होता. फिलिपिन्स बेटं आशियात, चीनच्या दाराशी. पण तिथल्या सरकारी दप्तरात तारीख चालायची ती मेक्सिकोची. स्पॅनिश लोक तिथे आले ते अटलांटिक, मेक्सिको आणि मग पॅसिफिक असे सतत मावळतीकडे जात जात. पोर्तुगीज आले ते गोवा, मलाक्का, मकाव असे उगवतीकडे सरकत. त्यामुळे मकावात रविवार असे तेव्हा मनिलात शनिवार. दोन्ही बंदरं कॅथलिक, आणि प्रार्थनेचा वार मात्र एक नाही.

हा घोळ जवळजवळ २८० वर्षं चालला, कारण मनिलाचं तोंड मेक्सिकोकडे होतं. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, दोघांमधला धागा तुटला, तरी कॅलेंडर सुधारायला आणखी तेवीस वर्षं गेली. सवय मोडायला सरकारी कचेरीत तेवढा वेळ लागतोच.

स्पेनने फिलिपिन्सवर १५६५ ते १८९८ अशी ३३३ वर्षं राज्य केलं. एवढ्या काळात तिथली भाषा स्पॅनिश झाली नाही, पण धर्म असा मुरला की आज आशियातला सर्वांत मोठा कॅथलिक देश तोच आहे. भाषा रुजली नाही आणि देव रुजला, हे कसं? या इतिहासावर गेल्या शंभर वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं या प्रश्नाभोवती फिरतं. आपल्याला हा प्रश्न परका नाही. गोव्यात पोर्तुगीज ४५१ वर्षं राहिले, तरी मासळीबाजारातला भाव कोकणीतच होत राहिला. फिलिपिन्सबद्दल माझं मत असं की स्पेनने तिथे थेट राज्य फार थोडं केलं. तिजोरी मेक्सिकोच्या भरवशावर होती आणि गाव पाद्र्याच्या. बाकी सगळं त्यातून निघालं.

सुरुवात सगळ्यांना माहीत असते ती मॅगेलनची. हा पोर्तुगीज माणूस १५०५ साली अल्मेदाच्या आरमारातून भारतात आला होता, मलाक्काच्या मोहिमेतही होता. पुढे आपल्या राजाशी बिनसलं म्हणून स्पेनकडे गेला आणि १५२१ च्या मार्चमध्ये पॅसिफिक ओलांडून या बेटांवर उतरला. सेबूच्या राजाचा बाप्तिस्मा झाला, मेजवान्या झाल्या, आणि शेजारच्या माक्तान बेटावरच्या लापुलापूला धडा शिकवायला गेलेला मॅगेलन २७ एप्रिलला गुडघाभर पाण्यात मारला गेला. जगप्रदक्षिणा पूर्ण करून स्पेनला परतली ती एकच बोट, अठरा माणसांनिशी. 'फिलिपिनास' हे नाव १५४० च्या दशकातल्या व्हिलालोबोसच्या मोहिमेने दिलं, युवराज फिलिपवरून. खरी वसाहत झाली ती १५६५ मध्ये, जेव्हा लेगास्पी मेक्सिकोहून सेबूला आला. त्याच्याबरोबर उर्दानेता नावाचा ऑगस्टिनियन पाद्री होता. एकेकाळचा खलाशी. तोवर पॅसिफिक पश्चिमेकडे ओलांडता येत होता, पण परतता येत नव्हतं. वारे तोंडावर यायचे. उर्दानेता वर जपानच्या अक्षांशापर्यंत गेला, तिथे पूर्वेकडे वाहणारा वारा त्याला सापडला आणि तो मेक्सिकोला पोचला. लेगास्पीने १५७१ मध्ये मनिला घेतलं खरं, पण ही वसाहत टिकली ती उर्दानेताच्या परतीच्या वाटेमुळे.

त्या वाटेने पुढची अडीचशे वर्षं, १८१५ पर्यंत, गॅलियन जहाजं चालली. हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. मनिलात स्पॅनिश माणसाचा धंदा म्हणजे वर्षाकाठी एक किंवा दोन जहाजं. चीनच्या फुजियान किनाऱ्यावरून जंक यायचे: रेशीम, चिनी मातीची भांडी. कोरोमंडलचं सुती कापडही यायचं. हे सगळं कावितेच्या गोदीत भरलं जाई. नैर्ऋत्येचा पाऊसवारा धरून जहाज जून-जुलैत निघे, आणि चार ते सहा महिने समुद्रावर काढून आकापुल्कोला लागे. तिथे जत्रा भरे, माल विकला जाई, आणि मोबदल्यात येई चांदी. परतीचा प्रवास सोपा, तीन महिन्यांचा. ही चांदी मनिलात फारशी थांबत नसे. चिनी व्यापाऱ्याच्या हातून ती चीनमध्ये जाई, कारण मिंग सरकारला कर चांदीत लागे. १५९३ मध्ये राजाने जाताना अडीच लाख पेसोंचा आणि येताना पाच लाख पेसोंचा माल अशी मर्यादा घातली. ती कुणी पाळली नाही. जहाज बुडालं की शहर दिवाळखोर, पोचलं की लग्नसराई.

आणि ही जहाजं बांधायची कुणी? 'पोलो' नावाची वेठ होती. सोळा ते साठ वयाच्या प्रत्येक पुरुषाने वर्षाला चाळीस दिवस सरकारी काम करायचं. डोंगरातून लाकूड ओढून आणायचं, कावितेच्या गोदीत घाम गाळायचा. मजुरी कागदावर ठरलेली, हातात पडेलच असं नाही. १६४९ मध्ये सामार बेटावरच्या लोकांना घरापासून इतक्या दूर कावितेला पाठवायचं ठरलं तेव्हा सुमुरॉयच्या नेतृत्वाखाली बंड पेटलं आणि शेजारच्या बेटांवर पसरलं. मनिला गॅलियनच्या वैभवाबद्दल लिहिणारे, अगदी विल्यम शुर्झसारखा १९३९ मध्ये त्यावरचं गाजलेलं पुस्तक लिहिणारा अभ्यासकही, रेशीम आणि चांदीत जितके रमतात तितके लाकूड ओढणाऱ्यांत रमत नाहीत.

याच वाटेने माणसंही गेली-आली. कातारिना दे सान हुआन ही भारतातली मुलगी. चाच्यांनी पळवली, कोचीनमार्गे मनिलाच्या बाजारात विकली गेली, आणि तिथून मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात. तिथे ती भक्त म्हणून नावारूपाला आली, १६८८ मध्ये वारली; लोक तिला 'चिना' म्हणत, कारण पॅसिफिकपलीकडून येणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी चिनीच. दुसरा आपल्या अगदी जवळचा: वसईचा गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांकडे शिकला, जपानात व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. जपानी उत्तम येत असल्यामुळे १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे जे शिष्टमंडळ पाठवलं त्यात दुभाषा म्हणून त्याला धाडलं. तीन वर्षांनी सान फेलिपे हे मनिलाचं गॅलियन जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. त्याच्या सुकाणूवाल्याने म्हणे फुशारकी मारली की आमचे पाद्री आधी येतात आणि सैन्य मागून. असं तो खरंच बोलला का, यावर वाद आहे. पण ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं गेलं आणि त्यांत गोन्सालो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे.

मेक्सिकोचा ठसा आणखीही खोल आहे. आठवडी किंवा फिरत्या बाजाराला टागालोगमध्ये 'तियांगे' म्हणतात, रताळ्याला 'कामोते'. दोन्ही शब्द स्पॅनिशही नाहीत. ते मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेचे. आपल्या डहाणू-घोलवडचा चिकू मूळचा मेक्सिकोचा. फिलिपिन्समध्येही त्याला 'चिको'च म्हणतात. उलट दिशेने गेला तो आंबा. मेक्सिकोत आजही एका लोकप्रिय आंब्याचं नाव 'मनिला' आहे. आपल्याकडे मनिला म्हणजे मागच्या पिढीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, एवढीच काय ती ओळख.

आता पाद्री. मनिलाच्या तटबंदीबाहेर, म्हणजे इंत्रामुरोसच्या पलीकडे, स्पॅनिश माणूस दिसला तर तो बहुधा पाद्रीच. इतर स्पॅनिशांना स्थानिकांच्या गावात राहायला कायद्यानेच बंदी होती. ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि पुढे रेकोलेक्ट, या संघांनी प्रांत वाटून घेतले. विखुरलेल्या वस्त्या चर्चभोवती आणायच्या, घंटेचा आवाज पोचेल एवढ्या अंतरात, हे धोरण. गव्हर्नर येत-जात राहिले. पाद्री वीस-तीस वर्षं एका गावात राहिला, गावाची भाषा शिकला, व्याकरणं लिहिली, कर कुणी भरला नि कुणाचं लग्न कधी झालं हे त्यालाच ठाऊक. जुना दातू, म्हणजे सरदार, 'काबेसा दे बारांगाय' झाला: गावचा पाटील म्हणा ना, वसुली करणारा आणि वसुलीत हात मारणारा. बारांगाय हा शब्द 'बालांगाय' म्हणजे बोट यावरून आला असं मानतात. आजही फिलिपिन्समधलं सर्वांत लहान प्रशासकीय एकक तेच आहे.

लोकांना स्पॅनिश शिकवा, असे राजाचे हुकूम वारंवार आले. पाद्र्यांनी ते शांतपणे बाजूला ठेवले. एक तर मोजके पाद्री लाखो लोकांना भाषा शिकवणार कसे. त्यापेक्षा आपणच त्यांची शिकणं सोपं. आणि दुसरं, गावात सरकारची भाषा समजणारा एकटा आपणच असलो तर सगळा कारभार आपल्याच खिडकीतून जातो. १५९३ मध्ये मनिलात छापलेल्या ख्रिस्ती शिकवणीच्या पुस्तकात टागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन या स्थानिक लिपीतही आहे. अभ्यासक व्हिसेन्ते राफाएलने १९८८ मध्ये यावरच बोट ठेवलं. पाद्र्यांनी टागालोग वापरली, पण देवासाठी जुना 'बाथाला' शब्द टाळून 'दिओस' तसाच ठेवला. परका शब्द न उलगडता ठेवल्यामुळे ऐकणाऱ्याने त्यात आपला अर्थ भरला. त्याआधी १९५९ मध्ये जॉन फेलनने असंच काहीसं म्हटलं होतं, की फिलिपिनो लोकांनी स्पॅनिश धर्म निवडून-पारखून घेतला. मला फेलन जरा जास्तच सौम्य वाटतो. निवड करायला मोकळीक लागते, आणि वेठीवर जाणाऱ्याला ती किती होती?

धर्म सगळीकडे पोचला असंही नाही. मिंदानाओ आणि सुलूच्या मुसलमानांना स्पॅनिश 'मोरो' म्हणत, स्वतःच्या देशातल्या जुन्या शत्रूचं नाव त्यांना चिकटवून. त्यांच्याशी तीन शतकं लढाया चालल्या. होलो शहर हाती आलं ते १८७६ मध्ये. लुझॉनच्या उत्तरेकडल्या डोंगरात भातखाचरं करणारे इगोरोत लोक तर जवळजवळ शेवटपर्यंत हाताबाहेर राहिले. 'तीनशे वर्षं मठात आणि पन्नास वर्षं हॉलिवूडात' असं फिलिपिन्सबद्दल गमतीने म्हणतात. वाक्य चटकदार आहे, पण डोंगरवाले आणि मोरो त्यात कुठेच बसत नाहीत.

१७६२ मधल्या प्रसंगावर इथे जास्त रेंगाळत नाही. इंग्रजांनी मद्रासहून आरमार पाठवून मनिला घेतलं, दोन वर्षांनी परत केलं. त्यांच्याबरोबर गेलेले काही हिंदी शिपाई पळून कायिंता गावात राहिले आणि तिथलेच झाले. पण या घटनेने मनिला अजिंक्य नाही हे सगळ्यांना दिसलं. इलोकोसमध्ये दिएगो सिलांगने बंड केलं. त्याचा खून झाल्यावर त्याची बायको गाब्रिएला लढत राहिली आणि फासावर गेली. त्यानंतर स्पेनला जाग आली: १७८२ मध्ये तंबाखूचा सरकारी मक्ता, पुढे बंदर जगाला खुलं, ऊस, अबाकाचा दोर, कॉफी. अबाकालाच जग 'मनिला हेंप' म्हणू लागलं.

याच सुधारणेच्या झपाट्यात पुन्हा येतो तो तारीख गाळणारा क्लावेरिया. त्याचा दुसरा हुकूम २१ नोव्हेंबर १८४९ चा: सगळ्यांनी आडनावं घ्यावीत. गावोगाव अर्धे लोक 'दे ला क्रुझ' आणि 'दे लोस सान्तोस'. कर कुणाकडून घ्यायचा आणि कुणी आधीच दिला हे कळेना. म्हणून मनिलात आडनावांची अकारविल्हे यादी छापली: स्पॅनिश आडनावं, झाडांची नावं, स्थानिक शब्दसुद्धा. यादीची पानं प्रांतांना आणि प्रांतातून गावांना वाटली गेली. गावात पाद्री आणि काबेसा बसत, कुटुंबातला वडीलधारा येई आणि आपल्या गावाला आलेल्या पानावरचं एक आडनाव उचले. चार पिढ्या वापरात असलेलं आडनाव असेल तर ते राखता येई. परिणाम असा की बिकोल प्रांतातल्या ओआससारख्या गावात कितीतरी आडनावं 'र'नेच सुरू होतात. गोव्यात आडनाव आलं ते बाप्तिस्म्याबरोबर, बहुधा पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं. फिलिपिन्समध्ये बहुतेकांना ते कर-खात्याच्या सोयीने मिळालं. तिथल्या 'गार्सिया'च्या अंगात स्पॅनिश रक्त शोधणं म्हणूनच व्यर्थ.

मग आला असंतोष, आणि तो चर्चच्या आतूनच आला. स्थानिक पाद्र्यांना परगण्यांची गादी मिळेना. संघांचे स्पॅनिश पाद्री ती सोडेनात. जानेवारी १८७२ मध्ये कावितेच्या शस्त्रागारात बंड झालं आणि सरकारने संधी साधून गोमेझ, बुर्गोस, झामोरा या तीन स्थानिक पाद्र्यांना १७ फेब्रुवारीला गळा आवळून मारलं. होसे रिझाल तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याने पुढे 'एल फिलिबुस्तेरिस्मो' ही कादंबरी या तिघांनाच अर्पण केली. डोळ्यांचा डॉक्टर, अनेक भाषा जाणणारा, युरोपात राहून स्पॅनिशमध्ये लिहिणारा. त्याचं घराणं कालांबात डॉमिनिकनांच्या जमिनीवर कुळ होतं. खंडावरून तंटा झाला तेव्हा त्या कुळांना घरातून बाहेर काढलं गेलं. 'नोली मे तांहेरे' १८८७ मध्ये बर्लिनमध्ये छापली गेली. रिझालने शस्त्र उचलायला सांगितलं नव्हतं. १८९२ मध्ये कातिपुनान ही गुप्त संघटना उभी केली ती गोदामात काम करणाऱ्या आंद्रेस बोनिफासिओने. पण १८९६ मध्ये उठाव झाला आणि ३० डिसेंबरला सरकारने गोळ्या घातल्या रिझालला.

शेतकरी उठले ते रिझाल वाचून का? रेनाल्दो इलेतोने १९७९ मध्ये याचं उत्तर दिलं, आणि या विषयावर एकच पुस्तक वाचायचं असेल तर मी 'पास्योन अँड रेव्होल्यूशन'चं नाव घेईन. उपासकाळात गावोगाव येशूच्या यातनांची टागालोग पोथी चढ्या सुरात वाचली जाते, रात्रंदिवस. अन्याय, सहन करणं, मग अंधारातून प्रकाशाकडे, ही भाषा लोकांच्या कानात तिथून बसली. पाद्र्यांनी नम्रता शिकवायला दिलेली कथा लोकांनी बंडाला वापरली. स्पॅनिश न शिकवण्याचा धोरणी निर्णय असा उलटा फिरला: लोकांच्या हातात त्यांची स्वतःची भाषा आणि तिच्यात भरलेला क्रूस, दोन्ही राहिले.

शेवट अमेरिकेने केला. अमेरिकन आरमाराचा प्रमुख डेवी याने १ मे १८९८ ला मनिला खाडीत स्पॅनिश आरमार बुडवलं. १२ जूनला फिलिपिनो बंडाचा नेता आगिनाल्दो याने कावितमध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. १३ ऑगस्टला मनिला पडलं, पण ती लढाई आधी ठरवून केलेलं नाटक होतं. फिलिपिनो सैन्याला शहरात शिरू न देता स्पॅनिशांनी अमेरिकनांपुढे शस्त्रं ठेवली. डिसेंबरात पॅरिसमध्ये दोन कोटी डॉलरला बेटं विकली गेली, फिलिपिनो प्रतिनिधीला बैठकीत न घेता. बालेर गावच्या चर्चमध्ये कोंडून बसलेल्या मूठभर स्पॅनिश शिपायांना युद्ध संपल्याचं पटेना. ते जून १८९९ पर्यंत लढत राहिले.

भाषेचा निकाल मात्र तेव्हाही लागला नव्हता, ही गोष्ट बहुतेक आढाव्यांत निसटते. मेक्सिकोतसुद्धा बहुसंख्य लोक स्पॅनिश बोलू लागले ते स्वातंत्र्यानंतर, स्वतःच्या सरकारच्या शाळांतून. फिलिपिन्समध्ये स्पेनने सार्वत्रिक शाळांचा हुकूम काढला १८६३ मध्ये. पस्तीस वर्षांत सत्ताच गेली, आणि पुढच्या शाळा अमेरिकेने काढल्या, इंग्रजीत. तरी न्यायालयं, विधिमंडळ, वर्तमानपत्रं यांत स्पॅनिश बराच काळ टिकली. १९४५ च्या फेब्रुवारीत जपानी सैन्याची कत्तल आणि अमेरिकन तोफा यांत इंत्रामुरोस जमीनदोस्त झालं. मनिलात एक लाखाच्या आसपास नागरिक मेले, त्यात जुनी स्पॅनिश बोलणारी घरंही गेली. इंत्रामुरोसमधल्या चर्चपैकी सान आगुस्तिन तेवढं उभं राहिलं. आज स्पॅनिशचा जिवंत अवशेष झांबोआंगात सापडतो, चावाकानो या मिश्र बोलीत. रिझालच्या कादंबऱ्या १९५६ च्या कायद्याने शाळा-कॉलेजांत सक्तीच्या झाल्या, चर्चचा विरोध असताना. विद्यार्थी त्या भाषांतरात वाचतात.

राहिला प्रश्न की हा इतिहास नेमका कुणाचा. तेओदोरो आगोन्सिलो या नामवंत इतिहासकाराने म्हटलं होतं की १८७२ पूर्वी फिलिपिनो इतिहास नाहीच, आहे तो फिलिपिन्समधल्या स्पॅनिशांचा. विल्यम हेन्री स्कॉटने मग तेच स्पॅनिश कागद उलटे धरून वाचले: वेठीच्या तक्रारी, खटले, दंडाच्या नोंदी. त्यांच्या फटींतून माणसं दिसू लागली. लिंडा न्यूसनने २००९ मध्ये दाखवलं की साथी आणि लढायांनी इथे आपण समजत होतो त्याहून कितीतरी जास्त लोक मेले. आणि १९८९ मध्ये लुझॉनमधल्या लागुना प्रांतात, नदीतली वाळू उपसताना एक ताम्रपट सापडला. कावी लिपी, जुनी मलय भाषा, संस्कृत शब्दांची रेलचेल; नामवारान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज फिटल्याची ही पावती. त्यात तोंदोचं नाव आहे, जे लेगास्पी आला तेव्हा मनिलाला लागूनच नांदत होतं. स्पेनच्या आधी साडेसहाशे वर्षं इथे लिहिता-वाचता हिशेब चालत होता.

हा पट मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कोकणातल्या कितीतरी घरांतली बोटीवर काम करणारी मुलं फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर वर्षं काढतात आणि मनिला बंदरावरून परत फिरतात. त्यांच्यापैकी कुणाला एक दिवस मोकळा मिळाला तर त्याने तो पट जरूर बघावा. त्यावरची तारीख समजायला दुभाषा लागणार नाही: शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार.